हातातलं, कानातलं, फळीवरचं

"मुलगी चौथीत आहे, तिला काय वाचायला देऊ?" दर सुट्टीच्या तोंडावर हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याला खरी कळकळ असते, म्हणून उत्तर देताना मी घुटमळते. प्रश्नात मुलीची इयत्ता कळते, मुलगी कळत नाही. ती सलग वाचते की ओळीवर बोट ठेवून? घरात कोणती बोली बोलतात? तिला रात्री कुणी गोष्ट सांगतं का? तिचं मन सध्या कशात गुंतलं आहे, मुंग्यांच्या रांगेत, भुतांत की आजीच्या आजारपणात? एवढं कळल्याशिवाय पुस्तकाचं नाव घेणं म्हणजे नाडी न पाहता औषध देणं.

'शिफारस' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. एखाद्यासाठी दुसऱ्याजवळ शब्द टाकणं, असा त्याचा भाव. पुस्तकाची शिफारस करणारा मुलाजवळ पुस्तकासाठी शब्द टाकत असतो. आपला शब्द खाली पडू नये असं वाटत असेल तर दोन्ही पक्षांशी चांगली ओळख हवी. पुस्तकाशी हवीच, पण मुलाशी जास्त हवी.

हे काम फार जुनं आहे. पंचतंत्राची सुरुवात आठवा. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती आपल्या तीन मुलांमुळे हवालदिल झालेला आहे, कारण तिघांनाही विद्येचा कंटाळा. पंडित सांगतात, नुसतं व्याकरण शिकायलाच बारा वर्षं लागतात. तेव्हा ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा पुढे येतो आणि सहा महिन्यांत मुलांना नीतिशास्त्र शिकवण्याची प्रतिज्ञा करतो. त्यानं शास्त्र बदललं नाही. मैत्री कशी तुटते, दुबळ्यांनी एकजूट कशी करावी, शत्रूवर विश्वास कधी ठेवू नये, हे सगळं तसंच ठेवलं आणि सिंह, बैल, कावळा आणि कासवाच्या तोंडी घातलं. वाचनाकडे पाठ फिरवलेल्या मुलांसाठी पुस्तक कसं रचावं, याचा इतका जुना आणि इतका नेमका धडा दुसरा मला माहीत नाही. विष्णुशर्म्यानं मुलांची गोडी कशात आहे ते पाहिलं आणि त्यांच्या बुद्धीला कमी लेखलं नाही. मराठीत मुलांसाठी छापलेलं पहिलं पुस्तक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते १८०६ साली तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयानं निघालेलं 'बालबोध मुक्तावली'ही प्राणिकथांचंच होतं. त्यातल्या गोष्टी इसापाच्या होत्या.

आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी चार गोष्टी सांगायची रीत होती: ग्रंथाचा विषय, त्याचं प्रयोजन, या दोहोंचा ग्रंथाशी असलेला संबंध आणि अधिकारी. अधिकारी म्हणजे हा ग्रंथ वाचायला जो तयार झाला आहे तो. कल्पना मुळात शहाणपणाची आहे. प्रत्येक ग्रंथाला वाचकाची काही पूर्वतयारी लागते आणि ती कोणती, हे ग्रंथकारानं आधीच सांगावं. पण याच शब्दानं इतिहासात दारं बंद केली. कुणाला अधिकार आहे आणि कुणाला नाही, हे जन्मावरून ठरू लागलं, आणि स्त्रिया व शूद्र ज्ञानाच्या बाहेर राहिले.

'पायरी' हा शब्दही असाच दुधारी आहे. पायऱ्या चढण्यासाठी असतात, पण 'पायरीनं राहा' असं आपण कुणाला बजावतो तेव्हा त्याला जागच्या जागी थांबवत असतो. पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखामेळ्याची समाधी. एक पाऊल आत जाणाऱ्यांचं आणि एक आयुष्य बाहेर थांबवलेल्याचं, दोन्ही तिथं एकमेकांसमोर आहेत. मुलांच्या पुस्तकांवर पायऱ्यांचे आकडे छापलेले पाहताना मला ती जागा आठवते.

आकडे छापू नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. २००४ साली सुरू झालेल्या 'प्रथम बुक्स'नं आपल्या गोष्टींच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिली नुकतंच वाचू लागलेल्यांची, साधारण अडीचशे शब्दांच्या आतली, ओळखीच्या शब्दांची, पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांची. दुसरी सहाशे शब्दांपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, चौथी त्यापुढची. ज्या शिक्षकासमोर एका वर्गात चार तऱ्हेचे वाचक बसलेले असतात, त्याला या खुणेचा मोठा आधार होतो. आणि तसे वर्गच आपल्याकडे जास्त. 'असर' पाहणीत मुलांना अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांनाच दुसरीची गोष्ट वाचता आली. म्हणजे 'पाचवीच्या मुलांसाठी' असा शिक्का मारलेलं पुस्तक वर्गातल्या निम्म्या मुलांसाठी नसतंच.

पण पायरी मोजायची कशी? इंग्रजीत रुडॉल्फ फ्लेशनं १९४८ साली एक सूत्र मांडलं. वाक्यात शब्द किती आणि शब्दात उच्चाराचे तुकडे किती, यावरून मजकूर सोपा की अवघड ते ठरवायचं. मराठीला हे माप लावलं की ते अंगाला बसत नाही. 'झाडाखालच्यांनासुद्धा' हा मोजायला एक शब्द. पण मुलाला त्यातून झाड, खाल, तिथली माणसं, त्यांना आणि 'सुद्धा' असे पाच पदर सोडवावे लागतात. आपली लिपी उच्चाराशी प्रामाणिक आहे, हे खरं. पण चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली की चारशेवर अक्षररूपं होतात, आणि जोडाक्षरं अजून दाराबाहेर उभीच असतात. एकटा र घ्या. सूर्यात तो डोक्यावर बसतो, चक्रात पायाशी तिरका होतो, ट्रकमध्ये दोन पाय फाकून उभा राहतो आणि दऱ्यांमध्ये चेहराच बदलतो. वर्षानुवर्षं वाचणाऱ्याला या खाचाखोचा दिसेनाशा होतात. सात वर्षांचं मूल त्यांना प्रत्येक ओळीत ठेचकाळतं.

आणखी एक अडचण कुठल्याच सूत्रात मावत नाही. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल, डहाणूकडचं वारली मूल, अहिराणी किंवा वऱ्हाडीत वाढलेलं मूल आणि पुण्यातलं मूल, ही सगळी पहिलीत एकच पुस्तक उघडतात. एकाला ते घरच्या ओट्यासारखं वाटतं, दुसऱ्याला परगावासारखं. पुस्तकाची पायरी तीच, पण कुणाला ती वीतभर उंच, तर कुणाला हातभर.

नुसती पायरी मोजून मूल कळत नाही, हे मी एका मुलाकडून शिकले. एका गावातल्या शाळेत आठवड्यातून दोन दुपारी मी पुस्तकं घेऊन बसते. तो पाचवीत होता आणि अक्षर अक्षर लावून वाचायचा. मी त्याला पायरीचं पुस्तक दिलं, मांजराच्या पिल्लाचं, पानावर एक ओळ असलेलं. माझ्या हिशेबानं ते अगदी अचूक होतं. त्यानं ते हातात घेतलं, समोर बसलेल्या दुसरीतल्या मुलीच्या हातात तेच पुस्तक पाहिलं, काही न बोलता ते फळीवर परत ठेवलं आणि निघून गेला. पुढचे काही आठवडे तो फिरकला नाही.

चूक माझी होती. मी त्याचे डोळे कुठवर पोचले आहेत ते मोजलं होतं. त्याचं मन कुठवर पोचलं आहे ते विचारलंच नव्हतं. शेतातली मोटार बंद पडली तर बापाबरोबर ती उघडणारा, सायकलचं पंक्चर स्वतः काढणारा तो मुलगा होता. अकरा वर्षांचं मन सहा वर्षांच्या गोष्टीत कोंबायला निघाल्यावर ते गुदमरणार, यात नवल नव्हतं.

मग मला अरविंद गुप्तांची पुस्तकं आठवली. पुण्यात 'आयुका'च्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला कित्येक वर्षं शिकवलं. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्यावर त्रिकोण, घन, मनोरे उभे करायचे. पानभर आकृत्या, खाली दोन-तीन ओळी. वाचायला थोडं, करायला आणि विचार करायला पुष्कळ. पुढं तो मुलगा आला तेव्हा तसं एक पान त्याच्यासमोर उघडून ठेवलं. आकृती बघत बघत तो खालच्या ओळीशी आला आणि 'व्हॉल्व्ह' हा शब्द त्यानं एका दमात वाचला. दोन-दोन जोडाक्षरांचा, मराठी कानाला परका असलेला हा शब्द कोणत्याही मापानं अवघडच ठरेल. त्यानं मात्र तो शंभर वेळा बोटांनी हाताळला होता.

त्या दिवसापासून मी मुलाची दोन वयं धरते: डोळ्यांचं आणि कानांचं. डोळ्यांचं वय म्हणजे त्याला स्वतःला किती सहज वाचता येतं. कानांचं वय म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं किती समजतं. लहानपणी कान नेहमीच पुढे असतात. सात वर्षांच्या मुलाला महाभारतातला कर्ण समजतो, पण 'कर्ण' हा शब्द वाचताना रफारापाशी तो अडतो. शिफारस करणाऱ्याचं सगळं कसब या दोन वयांमधल्या अंतरात आहे. म्हणून 'काय वाचायला देऊ?' या प्रश्नाला आता मी एका पुस्तकाचं नाव सांगत नाही. तीन सांगते: एक हातातलं, एक कानातलं, एक फळीवरचं.

हातातलं म्हणजे मुलानं स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं. ते सोपं असावं, अगदी निःशंकपणे सोपं. मोठ्या माणसांना सोप्याची उगीच लाज वाटते. पानावर सतत अडखळणाऱ्या मुलाला वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेतो सुरुवात आठवत नाही. मग गोष्ट राहत नाही, नुसती अक्षरं उरतात. पण सोपं म्हणजे पोकळ नव्हे. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही मालिका बघा. घरातलीच माणसं, रोजचंच घर, मोजके शब्द आणि लेखिकेनंच काढलेली चित्रं. तरी घर म्हणजे काय, हे त्या मोजक्या शब्दांतून मुलाला जाणवतं. मजकूर जे बोलत नाही ते चित्र बोलतं, आणि चित्र वाचणं हेही वाचनच आहे.

थोडं पुढं गेलेल्या वाचकासाठी मालिकेसारखा दुसरा आधार नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तीन पिढ्यांनी वाचला, तो का? फुरसुंगीचा बनेश फेणे धाडसी आहे, सायकलवरून उधळतो, रहस्यं उकलतो, हे आहेच. पण वाचायला शिकणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. मालिकेतलं दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा आपोआप सोपं होतं. माणसं ओळखीची झालेली असतात, लेखकाच्या बोलण्याची लकब कानात बसलेली असते, कुणी कसं वागेल याचा अंदाज असतो. ओळखीच्या गावात अंधारातही रस्ता सापडावा, तसं अवघड वाक्यातूनही मूल वाट काढतं. म्हणून 'सारखं तेच काय वाचतोस?' असं रागावणाऱ्या पालकांना मी हात जोडते. त्या 'तेच ते'मध्ये त्याची वाचनाची मांड पक्की होत असते.

कानातलं म्हणजे मुलाच्या वाचण्यापेक्षा वरचं आणि मोठ्यांनी वाचून दाखवायचं. 'श्यामची आई' हे त्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. त्यातल्या प्रकरणांना प्रकरणं म्हटलेलं नाही. त्या 'रात्री' आहेत. दिवसाची कामं आटोपल्यावर आश्रमातल्या सोबत्यांना श्यामनं सांगितलेल्या आठवणी, अशी त्याची बांधणी आहे. म्हणजे ते पुस्तक मुळात ऐकण्याच्या घाटानंच घडलं आहे. आज ते वाढदिवसाला भेट मिळतं, आठ वर्षांच्या मुलापुढं ठेवलं जातं, आणि कोकणातली जुनी घरं, सोवळं-ओवळं, कर्ज, जप्ती हे सगळं त्या मुलावर एकदम येऊन आदळतं. चार पानांत ते पुस्तक मिटतं. तेच पुस्तक रोज एक रात्र या हिशेबानं आईनं किंवा आजोबांनी वाचावं. मध्ये थांबावं, मुलानं विचारलेलं सांगावं, आपला गळा दाटला तर दाटू द्यावा. अवघड शब्द तेव्हा माणसाच्या आवाजात गुंडाळून येतात आणि टोचत नाहीत.

याचाही मोठा धडा आपल्याच भाषेच्या उंबरठ्यावर आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साली ज्ञानेश्वरांनी संस्कृत न येणाऱ्यांसाठी गीता मराठीत आणली. सोपं करायचं म्हणजे कमी करायचं, असं आपण समजतो. ज्ञानेश्वरांनी सातशे श्लोकांच्या जवळजवळ नऊ हजार ओव्या केल्या. अर्थ पातळ न करता ऐकणाऱ्याच्या ओळखीचे दृष्टांत एकावर एक रचत त्यांनी ती उंची चढण्याजोगी केली. श्रोत्यांसमोर सांगितलेला, कानांसाठी घडलेला हा ग्रंथ आहे. ज्यांना अधिकार नाही असं सांगितलं गेलं होतं, त्यांच्यासाठी त्यांनी पायऱ्या बांधल्या. मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकानं हा हिशेब मनात ठेवावा: सोप्या भाषेला कधी कधी जास्त शब्द लागतात, आणि जास्त प्रेम तर नेहमीच लागतं.

आता फळीवरचं. हे पुस्तक आज कुणी वाचायचं नाही आणि वाचून दाखवायचंही नाही. ते नुसतं मुलाच्या नजरेला पडेल असं असावं. जाडजूड नकाशांचं पुस्तक, पक्ष्यांची ओळख करून देणारं पुस्तक, भागवतांनीच मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या, 'किशोर'चे जुने अंक. बालभारतीनं १९७१ साली सुरू केलेल्या या मासिकात गोष्ट, कविता, विज्ञान, कोडी शेजारी शेजारी नांदतात. एकाच अंकात तिसरीतल्या मुलाला कोडं सापडतं आणि सातवीतल्या मुलीला लेख. 'तोत्तोचान' मी याच फळीवर ठेवते. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१चं, मराठीतही आलेलं. दहाव्या वर्षी त्यात रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा दिसते, आणि मोठेपणी, छोट्या तोत्तोचानचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेणारे मुख्याध्यापक दिसतात. अशा पुस्तकांवर कोणती पायरी छापणार? ती मजल्यांच्या घरासारखी असतात. जो तो आपल्या मजल्यावर उतरतो.

माधुरी पुरंदरे यांनीच संपादित केलेल्या 'वाचू आनंदे'चे भाग 'बालगट' आणि 'कुमारगट' अशा दोनच नावांनी निघाले, त्यामागचा मोकळेपणा मला फार आवडतो. इयत्ता नाही, आकडा नाही. मराठी साहित्यातले वेचे आणि जोडीला चित्रं. कुठून शिरायचं ते मुलानं ठरवावं.

पायरी कुणासाठी असते, याचा निकाल मला इथं लागलेला दिसतो. ती देणाऱ्यासाठी असते. शिंप्याची टेप गळ्यात असते. सदरा घालणाऱ्यानं छातीचं माप पाठीवर लिहून हिंडायचं नसतं. पुस्तकाची पायरी शिक्षकाला, ग्रंथपालाला, आईला ठाऊक हवी. ती मुलाच्या नावापुढे चिकटली, की 'मी दुसऱ्या पायरीचा' असं ते स्वतःला सांगू लागतं, आणि मग त्याला तिथून हलवणं फार अवघड जातं. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणाऱ्या रंगनाथन यांनी १९३१ साली दोन नियम शेजारी शेजारी ठेवले. एकात वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असा आग्रह आहे, तर दुसऱ्यात पुस्तकाला त्याचा वाचक. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. समीकरणाच्या दोन्ही बाजू त्यांनी सांभाळल्या, आणि त्यात पात्रतेची अट कुठं घातली नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात जे केलं, त्यात या सगळ्याचं सार आहे. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं राखायची असत. त्यांना दोष न देता शाळाच कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा पडलं. पुस्तकांचंही तसंच व्हायला हवं. आपल्याकडे कित्येक शाळांत पुस्तकं आहेत, पण ती कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली 'पुस्तकं फाटतील' या भीतीच्या हाती आहे. वाचून फाटलेल्या पुस्तकाएवढं भाग्याचं पुस्तक दुसरं कोणतं? आधी ते कुलूप निघू दे. मग मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर पुस्तकं मांडावीत, सोपी आणि अवघड एकमेकांत मिसळून, म्हणजे कुणी काय उचललं याची कुणाला लाज वाटणार नाही.

त्या पाचवीतल्या मुलाचं राहिलं. काड्यांचे मनोरे करून झाले, मग प्राण्यांवरचं एक पुस्तक झालं, मग आखूड प्रकरणांची एक रहस्यकथा त्यानं महिनाभर पुरवली. दर शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं मी सगळ्यांना वाचून दाखवते, तेव्हा तो दाराला टेकून उभा असायचा. एका दुपारी त्यानं वरच्या फळीवरचं व्हर्नचं जाड पुस्तक काढलं. मुखपृष्ठ पाहिलं, पानं चाळली, मधलीच एक ओळ ओठ हलवत वाचली. मग बराच वेळ ते हातावर तोलून त्यानं परत ठेवलं.

मला मांजराच्या पिल्लाचं पुस्तक आठवलं. तेही त्यानं असंच परत ठेवलं होतं.

"मोठं आहे का रे?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला. आणि जाता जाता दारातून वळून म्हणाला, "बाई, ते तिथंच राहू द्या. हलवू नका."